पंजा आणि दोन

माझी बायको कौसल्या गेली, त्यावर एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटून गेला. लोक म्हणतात, बळीराम खचला. खचलो आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. दुःखाच्या जोडीला माझ्या पोटात जळतंही आहे. गेलेल्या बायकोवर कोणी जळत नाही म्हणतात. मी जळतो. मी चौथीपर्यंत शिकलो, पाचवीत बसलो नाही, तेव्हा जिथे चुकलं असेल तिथे नात दुरुस्त करील. तिला एवढंच सांगून ठेवलं आहे की अक्षर दुरुस्त कर, गोष्ट दुरुस्त करू नको.

सुरुवात फोनपासून करतो, कारण फोन नसता तर हे सगळं माझ्याबरोबरच जळून गेलं असतं. लोहाऱ्याला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. मी इथल्या कारखान्यांत तेलाच्या घाण्यावर उभा राहून म्हातारा झालो. आता घर मुलगा आणि सून चालवतात. त्यांची मुलगी प्रणाली यवतमाळला कॉलेजात जाते. मागच्या उन्हाळ्यात तिने गल्लीत एक तमाशा सुरू केला. फोन माणसाच्या मनातलं ओळखतो, म्हणे. संध्याकाळी ओट्यावर बाया जमल्या की ती डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि एकेकीला समोर बसवायची. "दहाच्या आतला एक आकडा मनात धरा. आजीच्या कानात सांगा, म्हणजे मागून बदलता येणार नाही. आजी साक्षीदार." कौसल्येचे गुडघे गेले होते. ती दारातल्या खाटेवर अंगावर चादर घेऊन बसलेली असायची. बाई जाऊन तिच्या कानात कुजबुजायची, परत येऊन बसायची. मग प्रणाली आपला फोन त्या बाईच्या कपाळाला लावायची. फोन थरथरायचा. "पाहा, वाचून राह्यला," प्रणाली म्हणायची, आणि घटकाभराने आकडा सांगायची. बरोबर! बाया तोंडावर पदर घ्यायच्या. शेजारची एक म्हणाली, "बाई वं, माह्या नवऱ्याच्या कपाळाले लावून पाह्य, पगारानंतर कुठं जाते ते सांगते काय?"

मी चार दिवस लांबून पाहिलं. पाचव्या दिवशी प्रणालीने मलाच ओढून बसवलं. मी खाटेजवळ गेलो आणि कौसल्येच्या कानात सांगितलं, "सात." सातच का, ते पुढे कळेल. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिच्या तोंडावरची एक सुरकुती हलली नाही. फक्त म्हणाली, "सातच ना? नक्की?" मी येऊन बसलो. नातीने फोन माझ्या कपाळाला लावला. फोन थरथरला, एकदा लांब आणि मग दोनदा तोकडा. प्रणाली ओरडली "सात!", बायांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या ऐकतच नव्हतो. एक लांब आणि दोन तोकडे म्हणजे पंजा आणि दोन. ही फोनची भाषा नव्हती, आमच्या बाच्या दुपट्ट्याखालची होती. मी वळून खाटेकडे पाहिलं. चादरीखाली कौसल्येचा अंगठा अजून हलत होता. तिथे तिचा जुना फोन होता. त्याच्यावर बोट दाबलं की इकडे नातीचा फोन थरथरावा, अशी काहीतरी सोय प्रणालीने दोन्ही फोनांत करून ठेवली होती. पाचाला बोट दाबून धरायचं आणि वरच्या आकड्याला टिचक्या मारायच्या, ही अक्कल मात्र नातीची नव्हती.

बाया गेल्यावर मी कौसल्येला म्हणालो, "आपली बोटं तू पोरीले देऊन टाकली?"

"मंग? मेल्यावर संग नेऊ काय?"

"मले इचारलं असतं."

"तुम्ही मले सगळं इचारूनच करता ना," ती म्हणाली, आणि चादर नीट करत बसली.

आता बोटांचं सांगतो. आमचा बा बैलबाजारातला दलाल होता. आठवड्यातून एक दिवस गावाबाहेरच्या मैदानात बाजार भरायचा. पहाटेपासून घागरमाळांचा आवाज यायला लागायचा, तो इतक्या बाजूंनी यायचा की आमच्या घराच्या भिंतीच वाजताहेत असं वाटायचं. शेणाचा, घामाचा आणि भज्यांच्या तेलाचा मिळून एक वास असायचा. बा मधोमध उभा. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या. तोंडाने कोणी भाव बोलायचं नाही. बा खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि दुपट्ट्याखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार. पाचाला अख्खा पंजा मुठीत घ्यायचा. सहापासून पुढे आधी पंजा दाबायचा, सोडायचा, आणि मग उरलेली बोटं धरायची. बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसायचं. मी शाळेत आकडे गिरवायच्या आधी बाच्या बोटांवर शिकलो. त्याच्या तळहाताला कासऱ्याचे घट्टे होते, त्यामुळे त्याचा पंजा म्हणजे झाडाची साल धरल्यासारखा. आजही कोणी हात मिळवला की मी आधी बोटं मोजतो.

मायला या धंद्याची लाज वाटायची. दलाल दोन्हीकडून खोटं बोलतो, असं तिचं म्हणणं. बाजाराच्या दिवशी ती बाला अंगणातच हात-पाय धुवायला लावायची आणि मगच चुलीपुढे ताट ठेवायची. ज्वारीची भाकर, लसणाचं तिखट, वांग्याची पातळ भाजी, आणि बरा दिवस असला तर रोडगे. दुधावरची साय मात्र माझ्या मोठ्या भावाच्या वाटीत. माझा भाऊ सुदाम. मी त्याला दादा म्हणतो. उंच, गोरा, दहावी पास. त्याचा शर्ट झिजला की मला यायचा. सायीचं मी इतक्या वर्षांनी का लिहितो आहे, असं कोणाला वाटेल. कारण मला ती वाटी अजून दिसते. पितळेची होती, काठाला पोचा होता.

मन ओळखण्याचा खेळ दादाने काढला. कुठल्यातरी जत्रेत जादूगार पाहून आला आणि म्हणाला, "बळ्या, आपल्या घरात तर ही जादू फुकट पडून राह्यली." तो डोळ्यांवर शेला बांधून खुर्चीवर बसायचा. मी लोकांत फिरायचो. कोणी माझ्या कानात आकडा सांगायचा. मी परत येऊन दादाच्या शेजारी उभा राहायचो, आमच्या हातांवर बाचा दुपट्टा टाकायचो, "करंट जाऊ द्या, करंट जाऊ द्या" असं म्हणायचो आणि खाली बोटं दाबायचो. दादा मान वर करून, दमल्यासारखा श्वास सोडून आकडा सांगायचा. शाळेच्या संमेलनात केलं, लग्नांत केलं, गणपतीच्या मांडवात केलं. फक्त बैलबाजाराच्या आसपास कधी केलं नाही, कारण तिथे शेंबड्या पोरालाही ती बोटं कळली असती. लोक माझ्या कानात सांगायचे आणि टाळ्या त्याला वाजवायचे. बाया त्याला आत बोलावून विचारायच्या, "सुदाम, माह्या पोरीचं लगन कधी जमल रे?" आणि तो डोळे मिटून सांगायचा. मला त्या वेळी कोणी पाणीही विचारत नव्हतं.

एकदा मी म्हणालो, "दादा, आज मी बसतो. तू फिर."

तो हसला. "तुह्या थोबाडावर मनातलं ओळखणारा दिसते काय बे? तू बोटं चालव."

त्याने शेकडो लोकांचं मन ओळखलं, पण शेजारी उभ्या असलेल्याच्या मनात काय चाललं आहे, ते त्याला कधी कळलं नाही. माझ्या मनात एकच होतं. हा एकदा चुकावा, सगळ्यांसमोर, आणि तो का चुकला ते फक्त मला माहीत असावं.

दादासाठी मुलगी पाहायला आम्ही मारेगावकडच्या एका गावी गेलो. बा, मी आणि दादा. मोटारीतून उतरल्यावर बाने आम्हाला बाभळीखाली थांबवलं आणि बजावलं, "बैलबाजाराचं नाव काढाचं नाही. शेती पाह्यतो म्हणाचं. दलालाच्या घरी कोणी पोरगी देत नाही." लग्नानंतर मला कळलं की त्याच सकाळी त्या घरातही एकाने सगळ्यांना बजावलं होतं, "पोरगी मामाकडं वाढली म्हणाचं, पण मामा बैलाची दलाली करते हे बोलाचं नाही." सोयरिकीत मामाचं घराणं खोदून विचारतात. बाने मात्र विचारलं नाही, कारण आपल्याला कोणी उलटं विचारील ही धास्ती. दोन्ही घरांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली, आणि त्या मुलीसमोर आम्ही दुपट्टा पसरून बसलो.

पोहे झाले, चहा झाला. मुलीचे वडील गमत्या माणूस होते. "जावाई आणखी काय करते?" त्यांनी विचारलं. दादाने वाटच पाहिली होती. "मनातलं ओळखतो." एका काकांचा आकडा ओळखला, दुसऱ्यांचा ओळखला. मग मुलीचे वडील म्हणाले, "असं करा, आमच्या पोरीच्या मनातलं सांगा. जल्मभर तेच कराचं आहे."

मी स्वैपाकघराच्या दारात गेलो. ती पुऱ्यांसाठी कणीक चाळत होती. परातीत पीठ पसरलेलं. तिची काकू चुलीकडे तोंड करून बसली होती. मुलीने परक्या माणसाच्या कानात बोलायची रीत नव्हती, तेव्हा मी हळूच म्हणालो, "आकडा दाखवा फक्त." तिने पिठात बोटाने सात काढला. मी आकडा पाहिला आणि मग तिच्याकडे पाहिलं. सावळी, कपाळावर पीठ लागलेलं, आणि डोळे असे की आपण आत शिरलो की बाहेर, ते कळू नये. तिनेही माझ्याकडे पाहिलं. खाली पाहिलं नाही. लाजलीही नाही. मग तिने हात फिरवून आकडा पुसला. आता तो आकडा जगात दोघांनाच माहीत होता.

दारापासून खुर्चीपर्यंत सहा-सात पावलं असतील. तेवढ्या पावलांत माझ्यात काय झालं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. साय त्याची, शर्ट त्याचा, टाळ्या त्याच्या, आणि आता हीसुद्धा त्याची. त्याने तर तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. चहा देऊन गेली तेव्हा तो आपल्या केसांवरून हात फिरवत होता. मी दुपट्टा टाकला. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, पाहायला. मी पंजा दाबायला हात उघडला. आणि नुसती चार बोटं धरली. घट्ट धरली.

दादाने मान वर केली, श्वास सोडला. "चार."

सगळे चौकटीकडे पाहायला लागले. वडिलांनी विचारलं, "काय वं कौसल्या?"

तिने पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "सात होते."

घर असं हसलं की बाहेरची कोंबडी उडाली. एक काका म्हणाले, "असू द्या, असू द्या! नवऱ्याले मनातलं ओळखता नाही आलं तरच बाई सुखी राह्यते." दादाने शेला काढला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तो चपला घालून बाहेर गेला आणि परत आत आला नाही.

परतताना बाभळीखाली त्याने माझी गचांडी धरली. "तू चार दाबले."

"सात दाबले. पंजा तुले लागला नाही."

बा मधे पडला. आपला हात पुढे करून म्हणाला, "दाब. तवा जसं दाबलं तसंच दाब." मी बाच्या हातावर पंजा दाबला, सोडला, आणि दोन बोटं धरली. बाने माझ्याकडे पाहिलं. मग दादाला म्हणाला, "सातच दाबले याने. तुह्याच डोक्यात वारं शिरलं." ज्याने बोटं शिकवली, त्याच्याच हातावर मी खोटं दाबलं. बाने शब्द देऊन ठेवला होता आणि दादा त्या मुलीचं नाव घ्यायला तयार नव्हता. महिनाभर निरोप आले-गेले. शेवटी तिकडूनच कोणी म्हणालं, लहाना आहे ना. माझं लग्न कौसल्येशी झालं. दादाने पुसदला नोकरी धरली, तिकडचीच मुलगी केली. सणावाराला यायचा. तो खेळ आम्ही पुन्हा केला नाही.

लग्नाच्या चौथ्या की पाचव्या दिवशी मी जेवायला बसलो होतो. समोर माय. कौसल्येने पाण्याचा पेला दिला आणि देता देता माझी तीन बोटं दाबली. चुलीवर तीनच भाकरी उरल्या होत्या, आणि ती स्वतः अजून जेवायची होती, असं सांगत होती. रात्री न विचारता दुसऱ्या दिवशी विहिरीवर विचारलं, "हे कुठं शिकली?" तेव्हा तिने मामाचं सांगितलं. बाजारात मामाच्या मांडीवर बसून ती मोठी झाली होती. म्हणजे त्या दिवशी चौकटीला टेकून ती जे कापड पाहत होती, ते तिला वाचता येत होतं. वाचलं का तिने? मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. मायसमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून आमचा सगळा संसार बोटांवर चालला. एक म्हणजे माय रागात आहे. दोन म्हणजे मागच्या दारी या. तीन म्हणजे कमी जेवा. चार म्हणजे उगी राहा. पंजा नुसता दाबला तर त्याचा अर्थ काही नव्हता, तो असाच असायचा. सात मात्र आमच्यात नव्हता. तिने कधी दाबला नाही, मी कधी दाबला नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. न ठरवता दोन माणसं एक आकडा कसा टाळतात, ते मला विचारा. म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी तिच्या कानात सात सांगितलं. मला पाहायचं होतं काय हलतं ते. आणि ती म्हणाली, "सातच ना? नक्की?" याचा अर्थ मी रोज वेगळा लावत होतो.

पावसाळ्याच्या तोंडाला तिचं दुखणं वाढलं. दवाखान्यातून घरी आणली होती. दादा पुसदहून भेटायला आला, काठी टेकत. केस पांढरे, पण अजून उंच. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात. लहान भावाच्या बायकोने त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, बोलायचं नाही, एका खाटेवर बसायचं नाही. कौसल्येने आयुष्यभर ते पाळलं. त्या दुपारी मात्र तिने पदर घेतला, पण सैल घेतला, आणि दादा आत येताच हसली. मला ते लागलं. प्रणालीने फोन आणला, म्हातारीला तेवढंच बरं वाटेल म्हणून. "मोठे आजोबा, फोन तुमच्या मनातलं ओळखते."

"आज मी ओळखतो," मी म्हणालो. कुठून बोललो, कळलं नाही. "माह्या डोळ्याले बांध."

दादा खाटेजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुह्या थोबाडावर अजूनबी मनातलं ओळखणारा दिसत नाही, बळ्या."

नातीने माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि फोन हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या जागी बसलो होतो. अंधारात मला खुर्ची करकरलेली ऐकू आली. दादा वाकला असणार. भासरा माझ्या बायकोच्या कानाशी बोलत होता. एका आकड्याला किती वेळ लागतो? मला तो वेळ जास्त वाटला. मग तो सरकून माझ्यासमोर आला आणि मी चाचपून फोन त्याच्या कपाळाला लावला. फोन थरथरला. एक तोकडा, दुसरा, तिसरा, चौथा. थांबला. मी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही.

"चार," मी म्हणालो.

दादाच्याही कपाळावर ते चार वाजले होते, आणि तोही बाचाच मुलगा. मग तो सावकाश म्हणाला, "मी सात सांगतले होते."

प्रणाली म्हणाली, "आजी, चुकली तू!"

"नाही वं बाई," कौसल्येचा आवाज आला. "मी नाही चुकली."

आणि ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. दादाही हसायला लागला. मी ओढणी काढली तेव्हा ते दोघं एकमेकांकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. जन्मभर जे दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, ते असे हसत होते की जणू फार दिवसांपासूनचं काही ठरलेलं होतं. ती म्हणजे माझी बायको आणि तो माझा भाऊ. पुन्हा टाळ्या तिकडेच. मी अंगणात जाऊन बादलीतलं पाणी उगीच झाडांना टाकत राहिलो.

मला विचारायचं होतं. उद्या विचारू म्हणालो, ती थकली होती. परवा विचारू म्हणालो. अकरा दिवसांनी ती गेली. शेवटच्या सकाळी मी तिचा हात हातात घेतला आणि पंजा दाबला, सोडला, आणि दोन बोटं धरली. बोटांवरचा आमचा पहिलाच सात. उलट दाब आला नाही. झोपेत होती, का नव्हती, मला माहीत नाही.

एवढे महिने मी ते गिळून होतो. मागच्या आठवड्यात प्रणाली म्हणाली, "आबा, आजीच्या जागी आता तुम्ही बसा ना, साक्षीदार." तिच्यावर मी ओरडलो. मग वाईट वाटलं. तिलाच म्हणालो, मोठ्या आजोबाला फोन लावून दे. ती आत गेल्यावर मी बोललो.

"दादा, तुमचं दोघांचं कवा बोलणं झालं?"

त्याने कशाचं, असं विचारलं नाही. "मागच्या उन्हाळ्यात. तिनं फोन केलता. पोरीनं तिले शिकवला ना फोन. मले आधी आवाजच ओळखू नाही आला, कवा ऐकला होता मी तिचा आवाज? म्हणे, भाऊजी, तुमची माफी मागाची होती."

"माफी कायची?"

"म्हणे, मी चौकटीत उभी होती. मले पंजा पडलेला नाही दिसला. चार दाबले ते दिसले. मी 'चार बरोबर' म्हटलं असतं, तर आकडा पुसलाच होता, कोणाले समजलं असतं? पण मी सात म्हटलं. म्हणे, तुमच्या भावानं अर्धं केलं, अर्धं मी केलं."

ओट्यावर ऊन आलं होतं. मी खाटेच्या दोरीला धरून बसलो.

"मी इचारलं तिले," दादा म्हणाला, "काहून? माह्यात काय खोट होती? तर म्हणे, खोट काही नाही भाऊजी. तुम्ही डोळ्याले शेला बांधून बसले होते. त्यायनं आकडा पाह्यला, अन् मंग मले पाह्यलं."

फोनमधून पुसदच्या कुठल्यातरी गाडीचा हॉर्न येत होता.

"आता तू सांग," दादा म्हणाला. "बा नाही, ती नाही. सात दाबले होते का चार?"

"चार."

"हां," तो म्हणाला. "पंजा माहा होता, बळ्या. मले नाही समजणार?"

"मंग बाभळीखाली काहून नाही बोलला? बाले काहून नाही सांगतलं?"

"तुह्या तोंडाकडं पाह्यलं," तो म्हणाला. "तवा एकदा ओळखलं मनातलं. खरंखुरं, बोटाबिगर."

म्हणजे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि मी एकटाच सगळं आयुष्य मूठ झाकून बसलो होतो, ज्यांच्यापासून झाकत होतो त्यांच्याच घरात. मी तिला चोरून आणली असं मला वाटायचं. सणाला दादा आला की मी तिला त्याच्या ताटात वाढू द्यायचो नाही, स्वतः उठायचो. तिने ते पाहिलं असेल. पेला देताना चार बोटं दाबली असतील, उगी राहा म्हणून, आणि मी ते मायबद्दल आहे असं समजलो असेन.

दुसऱ्या दिवशी मी प्रणालीला सांगितलं, बसतो साक्षीदार म्हणून. तिने जुना फोन माझ्या हातात दिला. शेजारची बाई वाकून माझ्या कानात आकडा सांगून गेली आणि मी चादरीखाली बोट दाबलं. ओट्यावर टाळ्या वाजल्या, त्या नातीला. वाजू दे. त्याचं मला आता काही नाही. पण चौकटीतलं ते गुपित कौसल्येने दादाला सांगितलं, मला नाही. माझ्या शेजारी जन्म काढला, हात हातात होता, दहा बोटं होती, आणि सांगितलं कोणाला तर पुसदला फोन करून त्याला. बाकी सगळं मी विसरलो, साय विसरलो, शर्ट विसरलो. हे एक मी तिला माफ केलेलं नाही.